मस्कतची सुलतान काबूस मोठी मशीद: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मस्कतमधल्या मराठी घरी भारतातून पाहुणे यायचे म्हटलं की मोठ्या मशिदीची फेरी ठरलेलीच असते. मग आठवडाभर आधीपासून फोनवर प्रश्न सुरू होतात. साडी चालेल का, मुलांना नेता येईल का, शुक्रवारी जाऊ का, गालिच्यावर पाय ठेवू देतात का. त्याच प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ज्यांना फक्त कपडे आणि वेळा हव्या आहेत, त्यांनी सुरुवातीचे चार-पाच प्रश्न वाचले तरी पुरे. बाकीच्यांनी सवडीने पुढेही वाचावं. ही आधी शुक्रवारच्या नमाजाची जागा आहे, प्रेक्षणीय स्थळ नंतर. हा क्रम मनात ठेवून गेलात तर या इमारतीत प्रत्येक गोष्ट जिथे आहे तिथे का आहे, हे कळत जातं.

आम्ही मुसलमान नाही. आत जाऊ देतात का?

हो, आणि मनापासून स्वागत करतात. ओमानमधल्या बहुतेक मशिदी फक्त नमाज पढणाऱ्यांसाठी असतात. ही मात्र ठरलेल्या वेळात सगळ्यांना खुली असते. दारावर कुणी धर्म विचारत नाही, विचार होतो तो कपड्यांचा. आवारात एक इस्लामविषयक माहिती केंद्र आहे. तिथे स्वयंसेवक खजूर आणि कहवा, म्हणजे अरबी कॉफी, देतात आणि तुमच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देतात. घाई नसेल तर तिथे जरूर बसा. आपल्याकडच्या कित्येक जणांनी एखाद्या मुसलमान माणसाला त्याच्या श्रद्धेबद्दल समोरासमोर प्रश्न विचारलेलाच नसतो. इथे तो विचारता येतो, आणि समोरच्याला त्याचा रागही येत नाही.

कोणत्या दिवशी, किती वाजता जावं?

शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११. अकरा म्हणजे अकरा, कारण त्यानंतर दुपारच्या नमाजाची तयारी सुरू होते. रमजानमध्ये आणि ईदच्या दिवसांत वेळा बदलू शकतात, तेव्हा निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या.

माझं ऐकाल तर आठला दारात हजर राहा. नऊनंतर पर्यटकांच्या बस येऊ लागतात आणि मुख्य दालनात फोटोंसाठी रांगा लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे ते सप्टेंबर सकाळी नऊलाच ऊन असह्य होतं आणि पांढऱ्या संगमरवरी फरशीवरून उजेड इतका परावर्तित होतो की डोळे मिटावे लागतात. गॉगल आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

शुक्रवारी का नाही? आम्हाला तर तोच दिवस मोकळा आहे.

कारण तो मशिदीचा स्वतःचा दिवस. पाहुण्यांना त्या दिवशी प्रवेश नसतो. ओमानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते (मे २०१३ पूर्वी ती गुरुवार-शुक्रवार असायची), म्हणून तुम्ही शनिवारी सकाळी जाऊ शकता. शुक्रवारी इथे काय चालतं, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

बायकांनी काय घालायचं? साडी चालते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नियम असा: केस पूर्ण झाकलेले, हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, कपडे सैल आणि आरपार न दिसणारे.

साडीचं अवघड होतं. पोट, पाठ आणि दंड हे तिन्ही उघडे राहतात आणि पदर डोक्यावर घेतला तरी ते झाकले जात नाहीत. लांब बाह्यांचा, कमरेपर्यंत येणारा ब्लाऊज असेल आणि वरून मोठी शाल घेतली तर निभावतं, पण दारावरच्या माणसाला ते पटेलच असं नाही. आई किंवा सासूबाई साडीशिवाय काहीच घालत नसतील तर सरळ वरून अबाया, म्हणजे पायघोळ सैल झगा, चढवा. तो तिथेच भाड्याने मिळतो. पूर्ण बाह्यांचा सलवार-कुर्ता आणि सुती ओढणी हा सगळ्यात सोपा उपाय. शिफॉनची किंवा जॉर्जेटची ओढणी घेऊ नका. ती दर दोन मिनिटांनी घसरते, आतले केस दिसतात, आणि मग अख्खी फेरी एक हात डोक्यावर ठेवून करावी लागते. ओढणीला दोन पिना लावल्या की प्रश्न मिटतो. लेगिंगवर आखूड कुर्ता नको. चुडीदार घोट्याच्या वर चढत असेल तर तोही नको.

पुरुषांना काही नियम?

पूर्ण लांबीची पँट किंवा पायजमा, आणि बाह्या असलेला शर्ट. थ्री-फोर्थ, बर्म्युडा, बनियनसारखे टी-शर्ट चालत नाहीत. कुर्ता-पायजमा एकदम योग्य. डोक्यावर टोपी किंवा रुमाल बांधायची सक्ती नाही.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं?

दहा वर्षांखालच्या मुलांना नमाजाच्या दालनात सोडत नाहीत. अंगण, बागा आणि कमानींच्या ओवऱ्यांत ती फिरू शकतात, म्हणून मोठ्यांनी आळीपाळीने आत जावं. म्हाताऱ्या माणसांसाठी चालणं बरंच आहे हे लक्षात घ्या. आवार ४,१६,००० चौरस मीटरचं आहे. गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची मिळेल का, हे आधी विचारून ठेवा.

चपला, फोटो, गालिचा?

अंगणात चपला चालतात. दालनाबाहेर कप्पे आहेत, तिथे त्या काढून ठेवायच्या. आत पाहुण्यांसाठी मूळ गालिच्यावर निळ्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. त्यांवरूनच चालायचं. फोटो काढता येतात. मात्र मेहराबीपुढे (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) नाचाचे आविर्भाव, मांडीवर मांडी टाकून किंवा जमिनीवर आडवं पडून फोटो, हे कृपया नको. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्यासमोरून जाऊ नये आणि त्याचा फोटोही काढू नये. ड्रोनला परवानगी लागते, तो घरीच ठेवा.

ही मशीद कोणी, कधी बांधली?

सुलतान काबूस बिन सैद १९७० साली गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये रस्ते, शाळा, दवाखाने हे सगळं नव्यानेच उभं करायचं होतं. बावीस वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यांनी देशासाठी एक मोठी मशीद उभारायचा आदेश दिला. १९९३ मध्ये आराखड्यांची स्पर्धा झाली. इराकी वास्तुविशारद मोहम्मद मकिया आणि लंडन-मस्कतची क्वाड डिझाइन ही संस्था यांचा आराखडा निवडला गेला. बांधकामाला सहा वर्षांहून अधिक काळ लागला. ४ मे २००१ रोजी सुलतानांच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि तो शुक्रवार होता.

मकियांबद्दल थोडं सांगायलाच हवं. बगदादमध्ये १९१४ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न हाताळला: सिमेंट-काँक्रीटच्या काळात अरबी शहराने स्वतःचा चेहरा कसा राखावा? बगदादमधली खुलाफा मशीद त्यांनी एका जुन्या मिनाराभोवती उभी केली. कुवेतची मोठी मशीदही त्यांचीच. २०१५ साली लंडनमध्ये, शंभरी ओलांडल्यावर, ते गेले. मस्कतच्या मशिदीत भव्यता आहे, पण ती अंगावर येत नाही. माझ्या मते याचं श्रेय बरंचसं त्यांच्या या आयुष्यभराच्या विचाराला आहे.

आकडे सांगा. केवढी मोठी आहे?

मुख्य दालन चौरस आहे, प्रत्येक बाजू साधारण ७४ मीटर. घुमट जमिनीपासून ५० मीटर उंच. मुख्य मिनार ९० मीटरच्या आसपास आणि कोपऱ्यांवरचे चार त्याच्या निम्म्या उंचीचे. मुख्य दालनात ६,५०० हून अधिक लोक नमाज पढू शकतात, बायकांच्या दालनात ७५०. बाहेरची फरसबंदी, आतलं अंगण आणि ओवऱ्या धरल्या तर संख्या २०,००० पर्यंत जाते. आवारात इस्लामी अभ्यासाचं ग्रंथालयही आहे, सुमारे २०,००० ग्रंथांचं.

यात भारताचं काय आहे?

बरंच आहे, आणि ते डोळ्यांसमोर आहे. बाहेरच्या भिंतींचा तो फिकट, उन्हात गुलाबीसर दिसणारा दगड भारतातून आलेला आहे. जवळपास ३ लाख टन वालुकाश्म. भिंतीला हात लावून पाहा. सकाळी आठला तो गार असतो, त्याचे कण बोटांना लागतात आणि जवळून पाहिलं तर त्यात तपकिरी रेघा दिसतात. पंतप्रधान नरेंद्र मोदी फेब्रुवारी २०१८ मध्ये मस्कतला आले, तेव्हा त्यांनी ही मशीद आणि जुन्या मस्कतमधलं शिवमंदिर, दोन्हींना भेट दिली होती.

दगड हा त्या नात्याचा फक्त अलीकडचा भाग. ओमान आणि आपला किनारा यांच्यात अरबी समुद्रातून गलबतं कित्येक शतकं ये-जा करत आली आहेत. सुलतान काबूस यांचे वडील सैद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले. आजोबा तैमूर बिन फैसल १९३२ मध्ये गादी सोडून भारतात राहिले आणि १९६५ मध्ये मुंबईत वारले. रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला खास रुपया मस्कतमध्ये १९७० पर्यंत चालत होता. मस्कतमधल्याच मत्रह बंदराच्या बाजारात कच्छी भाटियांच्या पेढ्या आहेत. त्यांच्यातल्या कनकसी खीमजी यांना तर सुलतानांनी शेख ही पदवी दिली होती. म्हणून मस्कतमध्ये भारतीय माणूस फार परका पडत नाही, आणि या मशिदीच्या भिंतीतला दगडही तसाच.

तो प्रसिद्ध गालिचा खरंच एका तुकड्यात विणलाय?

एका मागावर इतका मोठा गालिचा विणणं शक्यच नाही. इराणच्या खुरासान प्रांतात ५८ तुकडे विणले गेले, ते मस्कतला आणून दालनात जोडले गेले. क्षेत्रफळ ४,३४३ चौरस मीटर, वजन २१ टन, रंग २८. विणकर होत्या ६०० स्त्रिया आणि सगळ्या कामाला चार वर्षं लागली. गाठी १ अब्ज ७० कोटी. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून भागाकार करून पाहा: नखाएवढ्या, म्हणजे एका चौरस सेंटीमीटर जागेत जवळपास ३९ गाठी येतात. प्रत्येक गाठ हाताने बांधलेली, धागा कापलेला, ठोकून बसवलेली.

निळ्या पट्टीच्या कडेला उकिडवे बसा आणि जोड शोधायचा प्रयत्न करा. वेली एका तुकड्यातून दुसऱ्यात इतक्या सहज जातात की सांधा सापडत नाही. नक्षीतलं मधलं मोठं गोल पदक घुमटाच्या बरोबर खाली आहे. उभ्याने पाहिलं तर नक्षी दिसते, बसून पाहिलं तर काम दिसतं.

या सहाशे जणींची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत, आणि मला ही गोष्ट लागते. राजाचं, वास्तुविशारदाचं, झुंबर बनवणाऱ्या कंपनीचं नाव सगळीकडे असतं. ज्यांच्या बोटांनी चार वर्षं गाठी मारल्या, त्या 'विणकर स्त्रिया' एवढ्यावरच थांबतात. तुमच्याबरोबर मुलं असतील तर त्यांना निदान हे जरूर सांगा, की हा गालिचा बायकांनी विणला आहे.

आणि झुंबर?

१४ मीटर उंच, ८ मीटर रुंद, साडेआठ टनांच्या आसपास वजन, १,१२२ दिवे, ६ लाख स्वारोव्स्की स्फटिक. फाउस्टिग या जर्मन कंपनीचं काम. घुमटाच्या मध्यातून लटकतं. पाहुणे सगळ्यात जास्त वेळ याच्याखाली मान वर करून उभे असतात. सुंदर आहे, पण मान दुखायला लागली की नजर जरा बाजूच्या छताकडे वळवा. तिथे लाकडी फळ्यांवर रंगीत नक्षी आहे आणि ती ओमानच्या जुन्या किल्ल्यांतल्या छतांवरून घेतलेली आहे. निजवा किंवा जबरीनचा किल्ला पाहिला असेल तर लगेच ओळखता येईल. सगळ्या जगातून आणलेल्या सामानाच्या वर ओमानने स्वतःचं छत घातलं आहे, हे मला फार आवडतं.

आम्हाला फक्त एक तास आहे. काय चुकवू नये?

ओवऱ्या. दालन झाल्यावर बहुतेक लोक परतीच्या वाटेला लागतात आणि उत्तर-दक्षिणेच्या लांब ओवऱ्या भरभर चालून संपवतात. तसं करू नका. या ओवऱ्यांच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि प्रत्येक कोनाडा इस्लामी जगातल्या एकेका परंपरेच्या नक्षीने सजवलेला आहे. एकात उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की काळातल्या इझनिक गावच्या निळ्या-तांबड्या फुलांच्या फरश्या, एकात इराणी वेलबुट्टी, एकात मघरेबच्या, म्हणजे मोरोक्कोकडच्या भौमितिक जाळ्या, एकात आपल्या ओळखीची मुघल शैली. ताजमहाल किंवा औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहिलेला माणूस मुघल कोनाड्यासमोर थबकतोच. तोच कमानीचा बाक, तीच कुंडीतून वर येणारी फुलं.

एकाच ओवरीत चालत चालत मोरोक्कोपासून दिल्लीपर्यंत जाता येतं. हे संग्रहालय नाही, काचेमागे काही नाही. शुक्रवारी गर्दी झाली की याच कोनाड्यांसमोर माणसं रांगेने नमाजाला उभी राहतात. मला विचाराल तर मशिदीतला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, झुंबर आणि गालिचा नंतर.

मिनार पाचच का?

इस्लामच्या पाच स्तंभांची खूण म्हणून: कलमा (श्रद्धेची साक्ष), नमाज, जकात (दान), रोजा (उपवास), हज (मक्केची यात्रा).

ओमानच्या जुन्या मशिदींना मिनार नसायचे, असं ऐकलं. मग ही इतकी भव्य कशी?

बरोबर ऐकलंत, आणि प्रश्न महत्त्वाचा आहे. ओमानच्या आतल्या भागातल्या, निजवा-बहला-मनह या पट्ट्यातल्या जुन्या मशिदी अगदी साध्या आहेत. मातीच्या विटांच्या जाड भिंती, सपाट छत, आत थोडे खांब, बाहेर वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पाण्याची सोय. मिनार नाही. छतावर जायला एक छोटा जिना आणि त्यावर घुमटीसारखं टोपण, तिथूनच अजान. ज्या गावात मशीद कुठली हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे दूरवर दिसणाऱ्या उंच खुणेची गरजही नव्हती. सजावट एकाच ठिकाणी: मेहराब. मनहमध्ये सोळाव्या शतकात चुन्यात कोरलेल्या मेहराबी आहेत, त्यांत चिनी मातीचे वाडगे बसवलेले आहेत. समुद्रावरून आलेली चीज घरच्या चुन्यात बसवायची, ही सवय ओमानची जुनीच.

मोठी मशीद या साधेपणापासून लांब गेली, यात शंका नाही. तरीही काही गोष्टी तिने सोडल्या नाहीत. जुन्या ओमानी मशिदी जमिनीपासून उंच जोत्यावर असत, हीसुद्धा सुमारे पावणेदोन मीटर उंच जोत्यावर आहे. बाहेरच्या भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत. रंग आणि सोनं आत आहे. घुमटावरची सोनेरी जाळीसुद्धा उन्हात झगझगत नाही, तिच्यातून आतला घुमट दिसत राहतो. काही ओमानी लोकांना अजूनही गावातली मातीची मशीदच मनाला जवळची वाटते आणि मला ते समजतं. निजव्याला जाणार असाल तर मनहची एखादी जुनी मशीद बाहेरून का होईना, जरूर पाहा. दोन्ही पाहिल्या की मस्कतच्या मशिदीत काय जपलं आणि काय नवं आणलं, ते कळतं.

ओमानमधले लोक सुन्नी की शिया?

ओमानची जुनी, घट्ट रुजलेली परंपरा इबादी आहे. सुन्नी आणि शिया या दोन्हींपासून वेगळी, इस्लामच्या पहिल्या शतकातच बसरा शहरात आकाराला आलेली. तिच्या पायाशी ज्यांचं नाव घेतात ते जाबिर बिन झैद मूळ निजव्याजवळचे. सुन्नीही ओमानमध्ये खूप आहेत आणि शिया समाजही आहे. मत्रहमधले लवातिया त्यांपैकीच. त्यांची भाषा सिंधी-कच्छीच्या नात्यातली आहे.

नमाजात फरक बारीक आहे. इबादी माणूस हात छातीवर न बांधता दोन्ही बाजूंना सोडून उभा राहतो. फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, म्हणून संपल्यावर 'आमीन' म्हणत नाही. पण शुक्रवारच्या रांगेत हात सोडलेला ओमानी, हात बांधलेला मलबारी, त्याच्या शेजारी बांगलादेशी मजूर असे सगळे एका इमामामागे उभे असतात. कुणी कुणाला दुरुस्त करत नाही. एवढ्या वर्षांत ओमानबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो या गोष्टीचा.

शुक्रवारी नेमकं काय होतं?

रोजची दुपारची नमाज चार रकातींची (रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं अशी एक फेरी). शुक्रवारी तिच्या जागी इमामाचा खुतबा, म्हणजे प्रवचन, दोन भागांत होतं आणि मग सगळ्यांनी मिळून दोन रकाती. ही नमाज एकट्याने घरी होत नाही, ती जमातीतच, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमूनच, व्हावी लागते. म्हणून तिच्यासाठी वेगळी, मोठी मशीद लागते. मोहल्ल्यातली छोटी मशीद रोजची, आणि जामा मशीद शुक्रवारची.

मस्कतमध्ये वेळ ऋतूप्रमाणे सरकते: दुपारी बाराच्या जरा आधीपासून साधारण बारा-पंचवीसपर्यंत. त्याआधी तासभर सुलतान काबूस रस्त्यावरची वाहतूक मशिदीकडे वळू लागते. पांढऱ्या आणि फिकट रंगांच्या दिशदाशा, म्हणजे पायघोळ अंगरखे, डोक्यावर नक्षीदार कुम्मा टोपी किंवा बांधलेला मसर फेटा, बोट धरून चालणारे मुलगे. त्यांच्यातच आठवड्याची एकमेव सुट्टी मिळालेले बांधकामावरचे कामगार, धुतलेल्या शर्टात. वजूच्या ओळीने लावलेल्या नळांवर सगळे शेजारी शेजारी बसतात: हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. मग आत.

मस्कतहून मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला, म्हणून सगळ्या रांगांची तोंडं पश्चिमेकडे. खुतब्याचा मजकूर धर्मादाय आणि धार्मिक व्यवहार मंत्रालयाकडून येतो. त्यामुळे देशभर बहुतेक ठिकाणी त्या दिवशी एकाच विषयावर बोललं जातं. खुतबा चालू असताना कुणी बोलत नाही.

नमाज संपली की दहा मिनिटांत पटांगण रिकामं. कुराणातल्या ६२व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच अल-जुमुआ, म्हणजे शुक्रवार, आहे. तिच्यात सांगितलंय की हाक आली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाली की पांगा आणि आपला उदरनिर्वाह शोधा. दिवसभर काम बंद ठेवायला सांगितलेलं नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी बंद असलेली दुकानं संध्याकाळी पुन्हा गजबजतात.

एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. जुन्या इबादी पंडितांच्या मते जुम्म्याची नमाज प्रत्येक गावात भरवायची नसे. ती ठरावीक मोठ्या शहरांत आणि न्यायी इमामाच्या (इथे इमाम म्हणजे राज्यकर्ता) अमलाखालीच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे लोकांना एकत्र जमवणं हे राज्य न्यायाने चालतंय का, या प्रश्नाशी जोडलेलं होतं. आज ओमानच्या प्रत्येक मोठ्या गावात दिसणारी भव्य जामा मशीद त्या मानाने बरीच नवी गोष्ट आहे.

शुक्रवारी बायका येतात का?

येतात, पण त्यांच्यावर जुम्म्याचं बंधन नाही. त्यांचं दालन वेगळं आहे आणि पाहुण्यांनाही ते पाहता येतं. आकाराने लहान, सजावटीने शांत. मुख्य दालनात जाण्याआधी ते पाहिलं तर जास्त चांगलं, नंतर ते उगाच फिकं वाटतं.

आम्ही अबू धाबीची शेख झायद मशीद पाहिली आहे. हीही पाहावी का?

हो. शेख झायद मशीद २००७ मध्ये खुली झाली. तिला ८२ घुमट आहेत आणि तिथला गालिचा ५,६२७ चौरस मीटरचा आहे, म्हणजे मस्कतपेक्षा मोठा. आकाराच्या शर्यतीत मस्कत मागे पडलं आणि त्याचं इथे कुणाला दुःख नाही. अबू धाबीत आपण थक्क होतो, मस्कतमध्ये रेंगाळतो. दोन्हींचा अनुभव वेगळा आहे आणि दोर लावलेल्या पाहुण्यांच्या रांगेतून न जाता कमानीखाली निवांत बसायला मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सुलतान काबूस यांची कबर इथे आहे का?

नाही. १० जानेवारी २०२० ला ते गेले. दुसऱ्या दिवशी जनाज्याची नमाज याच मशिदीत झाली आणि नवे सुलतान हैथम बिन तारिक तिला हजर होते. दफन मात्र घला भागातल्या राजघराण्याच्या कब्रस्तानात झालं. ज्यांच्या नावाने इतकी मोठी वास्तू आहे, त्यांची कबर इतरांच्या कबरींसारखीच साधी आहे.

कसं पोहोचायचं?

बौशर भागात, सुलतान काबूस रस्त्यालगत. विमानतळापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं, शहरातल्या रुवी भागाकडून येताना वाहतुकीप्रमाणे थोडं जास्त. टॅक्सी ओटॅक्सीच्या अ‍ॅपवरून बोलवा, रस्त्यावर हात दाखवून थांबवली तर भाडं आधी ठरवा. मवासलात या सरकारी कंपनीच्या लाल बसही या रस्त्यावरून जातात, पण थांब्यापासून दारापर्यंत उन्हात बरंच चालावं लागतं. स्वतःची गाडी असेल तर पार्किंगची अडचण नाही.

मस्कतबाहेर अशी मशीद आहे का?

दक्षिण ओमानमधल्या सलाला शहरात आहे, २००९ मध्ये उघडलेली, तीही सुलतान काबूस यांच्याच नावाची. जुलै-ऑगस्टमध्ये खरीफ पाहायला, म्हणजे तिथल्या पावसाळी धुक्यासाठी, जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती जरूर पाहावी. निजवा आणि सोहार इथेही याच नावाच्या मोठ्या मशिदी आहेत. कपड्यांचे नियम सगळीकडे सारखेच, तेव्हा ती सुती ओढणी आणि पिना बॅगेतच राहू द्या.